वाळवंटातील एक नगर आणि नवागतांचे स्वागत

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



 मी काही विद्वान नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि उभी हयात प्राथमिक शाळेत मुलांना भूगोल व गणित शिकविण्यात गेली. तेव्हा या भाषणात भूगोल व आकडे थोडे अधिक आणि तत्त्वज्ञान थोडे कमी आढळले, तर आपण ते गोड मानून घ्याल अशी आशा आहे.

विषय निवडण्याचे कारण आरंभीच सांगतो. शहराच्या जुन्या पेठेत मंडळाची जी इमारत आहे, तिच्या वरच्या मजल्यावर एके काळी बाहेरगावाहून शिकावयास व नोकरीस आलेली आपली मुले राहत असत. आज त्या खोल्या बहुतांशी कुलूपबंद आहेत. इमारत पाडून तेथे भाड्याने देण्यासाठी मंगल कार्यालय बांधावे, की खोल्या दुरुस्त करून नवागतांना पुन्हा खुल्या कराव्यात, हा प्रश्न सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. आपण आपले मत बनविण्यापूर्वी दूरदेशीच्या एका नगराची हकीकत ऐकावी, एवढीच माझी विनंती आहे. ते नगर म्हणजे अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील लास वेगास. माझा मुलगा नोकरीनिमित्त तेथे असल्यामुळे काही महिने तेथे राहण्याचा योग मला आला. जुगाराचे शहर म्हणून त्याची जी कीर्ती आहे ती खोटी नाही. परंतु आज मला जुगाराविषयी बोलावयाचे नाही. एका ओसाड झालेल्या पेठेत पुन्हा माणसे कशी आणावीत, याचे जे प्रयत्न तेथे झाले, त्यांविषयी बोलावयाचे आहे.

प्रथम भूगोल पाहू. मोहावी नावाच्या वाळवंटात हे नगर वसले आहे. तेथे वर्षाकाठी पडणारा पाऊस सरासरी चार इंच, म्हणजे आपल्याकडील एखाद्या श्रावणी दिवसाची सर. २०२४ सालच्या जुलैत तेथील पारा ४८.९ अंश सेल्सिअसपर्यंत चढला आणि तो उच्चांक ठरला. अशा ठिकाणी गाव वसावेच का, असे कोणासही वाटेल. उत्तर नावातच आहे. ‘लास वेगास’ या स्पॅनिश शब्दांचा अर्थ ‘कुरणे’. वाळवंटाच्या मध्यभागी गोड्या पाण्याचे झरे होते, त्यांवर हिरवळ होती, आणि पायूट नावाचे मूळ रहिवासी त्या पाण्याच्या आश्रयाने शतकानुशतके नांदत होते. पुढे आलेल्यांनी ते पाणी इतके उपसले की १९६२ साली झरे भूपृष्ठावर वाहावयाचेच थांबले. आज नगराचे सुमारे नव्वद टक्के पाणी कोलोरॅडो नदीवरील हूवर धरणाच्या जलाशयातून येते.

नगराचा जन्म रेल्वेमुळे झाला. १५ मे १९०५ रोजी रेल्वे कंपनीने स्टेशनासमोरील जमिनीचे तुकडे पाडून लिलाव पुकारला, आणि तंबूतून राहणाऱ्या मंडळींनी ते घेतले. स्टेशनापासून सरळ निघालेला रस्ता म्हणजे फ्रीमाँट स्ट्रीट. हीच गावाची मुख्य पेठ. १९३१ साली दोन गोष्टी एकदम घडल्या. राज्याने जुगार कायदेशीर केला, आणि हूवर धरणाचे काम सुरू झाले. मंदीने पिचलेले हजारो बेकार लोक कामाच्या शोधात तेथे येऊन थडकले. १९३० साली पाच हजारांच्या आसपास असलेली वस्ती २०२० च्या शिरगणतीत सुमारे ६ लाख ४२ हजारांवर गेली, आणि सभोवारचा जिल्हा धरला तर ती २२ लाखांहून अधिक झाली. तात्पर्य, या गावात मुळचा म्हणावा असा कोणी नाहीच. पायूट लोक सोडले तर झाडून सारे नवागत. कोणी काल आला, कोणी परवा.

अशी भरलेली पेठ ओस का पडली? तिचा ऱ्हास रोगराईने अथवा दुष्काळाने झाला नाही. रहदारीची वाट बदलल्यामुळे झाला. १९४१ पासून नगरपालिकेच्या हद्दीबाहेर, लॉस अँजेलिसकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नवी हॉटेले उभी राहू लागली. त्या रस्त्यास आता ‘स्ट्रिप’ म्हणतात, आणि परदेशी प्रवासी ज्याला लास वेगास समजतात तो बहुतेक भाग प्रत्यक्षात नगराच्या सीमेबाहेरच आहे. १९६८ साली दूर उपनगरात मोठा बंदिस्त बाजार उघडला आणि पेठेतील दुकाने तिकडे चालती झाली. मोटारवाले कुटुंब वाळवंटात पसरलेल्या नव्या वसाहतींत राहावयास गेले. मध्यवस्तीत उरले जुने जुगारघर, आठवड्याच्या भाड्याने मिळणाऱ्या मोटेलच्या खोल्या, आणि ज्यांना कोठेच जाणे परवडत नव्हते अशी माणसे. आपल्याकडील जुन्या पेठांची आठवण यावी असेच हे चित्र नव्हे काय?

यावर पहिला उपाय झाला तो रोषणाईचा. १९९५ साली फ्रीमाँट स्ट्रीटच्या चार-पाच चौकांवर नव्वद फूट उंचीचे प्रचंड छत घालण्यात आले, त्यात वीस लाखांहून अधिक दिवे बसविले, आणि खाली वाहनांस बंदी केली. सुमारे सात कोटी डॉलर खर्च झाला. मी ते छत पाहिले आहे. रात्री त्यावर चित्रे धावू लागली की हजारो माणसे मान वर करून उभी राहतात. उपाय फसला असे म्हणता येणार नाही. प्रवासी आले, जुगारघरे तगली. परंतु प्रवासी हा पाहुणा असतो. तो रात्री येतो आणि निघून जातो. छताची सीमा ओलांडून पूर्वेस दोन चौक गेले की पुन्हा तीच बंद दुकाने होती. रोषणाईने गर्दी जमते, पण वस्ती होत नाही.

दुसरा उपाय एका धनिक तरुणाने केला, आणि आजच्या विषयाचा गाभा तोच आहे. टोनी शे हा तैवानहून अमेरिकेत आलेल्या आईबापांचा मुलगा; म्हणजे तोही नवागतांच्याच घरातला. घरबसल्या पादत्राणे विकणाऱ्या ‘झॅपोस’ या कंपनीचा तो प्रमुख होता. ही कंपनी २००९ साली ॲमेझॉनने सुमारे १२० कोटी डॉलरना घेतली. आपली कचेरी शहराबाहेर बंदिस्त आवारात बांधण्याऐवजी त्याने नगरपालिकेची १९७३ साली बांधलेली जुनी इमारत घेतली, आणि २०१३ साली सारी कचेरी मध्यवस्तीत आणली. तत्पूर्वी २०१२ साली त्याने ‘डाउनटाउन प्रोजेक्ट’ नावाची योजना जाहीर केली होती. प्रामुख्याने स्वतःचे ३५ कोटी डॉलर त्याने त्यासाठी काढले. त्यांतील २० कोटी जमीनजुमल्यासाठी, ५ कोटी लहान दुकानदारांसाठी, ५ कोटी नव्या तांत्रिक धंद्यांसाठी, आणि ५ कोटी शिक्षण, कला व संस्कृतीसाठी, असे वाटप होते.

या माणसाची कल्पना ऐकण्यासारखी आहे. त्याचे म्हणणे असे की, निरनिराळ्या धंद्यांतील माणसे वाटेत, उपाहारगृहात, बागेत एकमेकांस सहज भेटली की त्यांतून नव्या कल्पना व नवे उद्योग जन्मास येतात. तेव्हा पेठ अशी रचावी की माणसांना एकमेकांस टाळताच येऊ नये. एका एकरात वर्षाकाठी अशा संभाव्य भेटींचे एक लाख तास भरले पाहिजेत, असा हिशेबही त्याने मांडला होता! आपल्या वाड्यांच्या ओट्यांवर व पारावर जे आपोआप घडत असे, ते अमेरिकेत गणित मांडून करावे लागले. त्याने देशोदेशींच्या होतकरू तरुणांना बोलावले, त्यांची तात्पुरती राहण्याची सोय केली, आणि भांडवल दिले. मालवाहू लोखंडी पेट्या एकावर एक रचून २०१३ साली ‘कंटेनर पार्क’ नावाचा बाजार केला. त्यातील गाळे मुद्दाम लहान ठेवले, म्हणजे थोड्या पैशाच्या माणसालाही दुकान थाटता यावे. दारावर मिशांतून ज्वाळा फेकणारा प्रचंड लोखंडी नाकतोडा बसविला आहे; मुलांना तो फार आवडतो. स्वतः शे पुढे उंच इमारतीतील घर सोडून एका मोकळ्या जागेत उभ्या केलेल्या चाकांच्या घरात राहू लागला.

यातून काही चांगले निश्चितच निपजले. नॅटली यंग नावाच्या स्वयंपाकी बाईंना स्वतःचे उपाहारगृह काढावयाचे होते, पण भांडवल नव्हते. या योजनेतून त्यांना कर्ज मिळाले आणि २०१२ साली एका दुर्लक्षित कोपऱ्यावर त्यांचे उपाहारगृह सुरू झाले. ज्या रस्त्यावर सायंकाळनंतर जावयास लोक कचरत, तेथे सकाळी न्याहारीसाठी रांगा लागल्या. हातात कला आहे, पण पहिल्या भाड्याची सोय नाही, अशा माणसाला उभे करणे, यापरते मोठे दान नाही.

परंतु बंधुभगिनींनो, हिशेबाची दुसरी बाजूही मास्तराने वाचली पाहिजे. दोन-तीन वर्षांतच कळून आले की, पाच वर्षांत नगर उभे करू म्हणणे सोपे, पण धंद्याला मूळ धरावयास त्याहून अधिक काळ लागतो. सप्टेंबर २०१४ मध्ये योजनेतील तीस जणांना एकाच दिवशी कामावरून दूर करण्यात आले. योजनेच्या ध्येयांत ‘समाज’ हा शब्द प्रारंभी ठळकपणे होता, तो त्याच वर्षी काढून टाकण्यात आला. कारण समाज म्हटले की लोक शाळा, औषधपाणी, बेघरांचा सांभाळ यांविषयी प्रश्न विचारू लागले, आणि ती जबाबदारी एक खासगी व्यवहार पेलू शकत नव्हता. मासिक वर्गणीवर चालणारा एक दवाखाना या योजनेच्या आश्रयाने निघाला होता, तो २०१७ च्या जानेवारीत बंद झाला. २०२० च्या ऑगस्टमध्ये शे कंपनीतून निवृत्त झाला, आणि त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला, एका घरास लागलेल्या आगीत जखमी होऊन, अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षी मृत्यू पावला. त्याच्या पश्चात त्याने घेतलेल्या जागांपैकी अनेक विक्रीस निघाल्या. त्या माणसाच्या हेतूविषयी मला आदर आहे. पण एका माणसाच्या खिशावर उभी केलेली वस्ती त्या माणसाच्या आयुष्यापेक्षा फार काळ टिकत नाही, हे त्यातून दिसते.

आणखी एक गोष्ट मला तेथे खुपली. नवागतांचे स्वागत झाले खरे. पण कोणत्या नवागतांचे? योजनेने जुनी मोटेले विकत घेतली, त्यांतील अनेक बंद केली. तेथे आठवड्याच्या भाड्याने राहणारे मोलमजूर, म्हातारेकोतारे इतरत्र निघून गेले. तेही कधी काळी कामाच्या शोधात आलेले नवागतच होते. शिकलेला, बोलका, खिशात नवी कल्पना घेऊन येणारा तो नवागत, आणि हातात झाडू घेऊन येणारा तो उपद्रव, असा भेद नकळत झाला.

हा भेद त्या नगरात नवा नाही. आरंभी काळ्या वर्णाचे लोक मध्यवस्तीतच राहत व दुकाने चालवीत. १९३० नंतरच्या दशकात व त्यापुढे नगराने त्यांच्या दुकानांचे परवाने नूतन करण्यास नकार दिला आणि त्यांना रेल्वेरुळांच्या पश्चिमेस लोटले. त्या ‘वेस्टसाइड’ भागात रस्त्यांस फरसबंदी नव्हती, सांडपाण्याची सोय नव्हती. सॅमी डेव्हिस ज्युनियर व नॅट किंग कोल यांच्यासारखे कीर्तिमंत कलावंत मोठ्या हॉटेलांत गाऊन टाळ्या घेत, पण त्याच हॉटेलांत त्यांना रात्री खोली मिळत नसे. १९५५ साली ‘मुलाँ रूज’ नावाचे, सर्व वर्णांस खुले असे पहिले हॉटेल निघाले. ते काही महिन्यांतच बंद पडले. अखेर मार्च १९६० मध्ये डॉक्टर जेम्स मॅकमिलन या दंतवैद्यांनी मोर्चाचा इशारा दिला, तेव्हा त्याच बंद हॉटेलात बैठक होऊन हा दारबंदीचा प्रकार मोडला. ज्या गावात सारेच बाहेरून आलेले, त्या गावानेही कोणाला आत घ्यावे व कोणाला रुळांपलीकडे ठेवावे हे रंगावरून ठरविले. आपण हसू नये. आपल्याकडे ते दुसऱ्या कशावरून ठरत आले, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे.

मग नवागतांना टिकाऊ आधार कोठे मिळाला? मला त्याची दोन उदाहरणे दिसली. मध्यवस्तीच्या दक्षिणेस अठरा चौकांचा कलावंतांचा भाग आहे. तेथे कोणी कोट्यधीश आला नाही. जुन्या गोदामांतून चित्रकारांनी, जुन्या वस्तू विकणाऱ्यांनी स्वस्त भाड्याने जागा घेतल्या. २००२ पासून दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सर्वांनी मिळून दारे उघडी ठेवावयाची, असा प्रघात पाडला. वीस वर्षांत तो भाग हळूहळू भरला. आता तेथेही भाडी चढू लागली आहेत, हे दुःख आहेच; पण तो भाग एकाच माणसाच्या मर्जीवर उभा राहिलेला नाही.

दुसरे उदाहरण स्वयंपाकी, वाढपी व खोल्या झाडणाऱ्यांच्या कामगार संघाचे. त्याचे सुमारे साठ हजार सभासद आहेत व ते शंभराहून अधिक देशांतून आलेले आहेत. १९९१ साली फ्राँटियर नावाच्या हॉटेलातील सुमारे साडेपाचशे कामगारांनी संप केला. तो १९९८ पर्यंत, सहा वर्षांहून अधिक चालला, आणि त्यांतील एकही जण संप मोडून कामावर गेला नाही. त्याच संघाने मालकांच्या सहकार्याने १९९३ साली एक शिक्षणसंस्था काढली. इंग्रजी न येणारी बाई तेथे येते, पलंग आवरण्यापासून स्वयंपाकापर्यंतचे काम शिकते, आणि पुढे घर व औषधपाण्याची शाश्वती असलेल्या नोकरीस लागते. येथे दाता एक नाही. प्रत्येकाच्या वर्गणीचा व कष्टाचा त्यात वाटा आहे. म्हणून एक माणूस गेला तरी काम थांबत नाही.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. आपली ज्ञातिमंडळे निघाली ती कशासाठी? गावाकडून शहरात उतरलेल्या मुलाला पहिल्या रात्री पाठ टेकावयास जागा असावी, दोन वेळच्या अन्नाची सोय व्हावी, नोकरीसाठी कोणी शब्द टाकावा, यासाठी. कोल्हापुरास राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढविले, आणि पाठोपाठ अनेक जातिधर्मांची वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने उभी राहिली. त्या काळी प्रत्येक समाजाला आधी आपल्या मुलांना हात देणे भाग होते. पण तेथेच गोष्ट थांबली नाही. त्यांच्याच प्रेरणेने कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. मुलांनी एकत्र कामे केली, एकाच पंगतीस बसून ती जेवली. पहिले पाऊल दुसऱ्यासाठीच होते, असे मी मानतो.

म्हणून माझे नम्र म्हणणे असे आहे. मंगल कार्यालयाने उत्पन्न येईल, हे चिटणीसांचे गणित बरोबर आहे. मी ते पडताळून पाहिले आहे. पण लग्नाचे वऱ्हाड हे त्या फ्रीमाँट स्ट्रीटच्या छताखालील गर्दीसारखे. ते एका रात्रीचे पाहुणे. पेठ जिवंत राहावयाची तर तेथे कोणी सकाळी उठून दूध आणावयास बाहेर पडले पाहिजे. आज आपली पुष्कळ कुटुंबे सुस्थितीत आहेत, मुले परदेशी आहेत, तेव्हा आता वसतिगृहाची गरज काय, असे काही मंडळी म्हणतात. गरज संपली ती आपल्यापैकी काहींची. तालुक्याच्या गावाहून परीक्षेच्या तयारीसाठी येणारी मुलगी, गोदामात रात्रपाळी करून महाविद्यालयात जाणारा मुलगा, यांना आजही शहरात खोली परवडत नाही.

माझ्या तीन सूचना आहेत. खोल्या दुरुस्त कराव्यात, आणि तळमजल्यावरील दुकानांचे भाडे त्या कामी लावावे. सारा भार एखाद्या दानशूर गृहस्थावर न टाकता प्रत्येक घरटी वार्षिक वर्गणी ठेवावी, मग ती शंभर रुपये का असेना. ज्याची वर्गणी त्याची आस्था. आणि तिसरी सूचना, जी काहींना रुचणार नाही, ती अशी की, निदान चौथा हिस्सा खोल्या कोणत्याही जातीच्या गरजू विद्यार्थ्यासाठी राखून ठेवाव्यात. सभेत कोणी विचारील, मग हे ज्ञातिमंडळ कसले? त्यांना माझे उत्तर असे, की आपल्या आजोबांना या शहरात ज्यांनी प्रथम भाड्याने जागा दिली, ते सगळेच काही आपल्या ज्ञातीचे नव्हते.

वाळवंटात झरे होते म्हणून माणसे आली, आणि झरे आटले तेव्हा नदीचे पाणी लांबून आणावे लागले. आपल्या संस्थेचा झरा अजून आटलेला नाही. तो उपसून संपवावा की वाहता ठेवावा, हे सभेच्या हाती आहे. मतभेद झाला तरी मनभेद होऊ नये, अशी प्रार्थना करतो.